सहा नंबरचा कॅनडावाला

"यावर कुणाचा विश्वास बसणार नाही," एर्मेते सोप्पेल्सा म्हणाला, आणि समोरच्या ग्राप्पाच्या ग्लासाकडे त्यानं असं बघितलं, जणू त्यात कुणी थुंकून ठेवलंय. "तुमचं सोडा, माझाच बसत नाही. तो माइक रुदाट, ज्याचं नाव काढलं की हे गाव अजून चेकाळतं, तो कॅनडाहून आलाच नव्हता. तो मी होतो."

दारूच्या दुकानाचा मालक दारिओ ग्लास पुसत होता. तो पुसतच राहिला.

"एर्मेते, सकाळचे अकरा वाजलेत फक्त," तो म्हणाला. "आजपासून दुधात घालून घेतोस का?"

आइस हॉकीच्या रिंकच्या पायऱ्यांखालीच हे दुकान. काचेतून बर्फ दिसायचा, आणि बर्फावर एर्मेतेनं नुकताच यंत्रानं ओढलेला ओला चकचकीत पट्टा. एकाहत्तराव्या वर्षीही बर्फ घासायचं यंत्र तोच चालवायचा, कारण दुसऱ्या कुणाला ते वळवता येत नसे. दुकानात आज चारच माणसं. तो, दारिओ, क्लबची चिटणीस इलेनिया आणि शेगडीजवळ बसलेली जेम्मा. जेम्मा चौऱ्याऐंशीची. साठ वर्षं तिनं क्लबचे कपडे धुतले, शिवले, वाळवले. आताही तिच्या मांडीवर लाल कापड होतं, तोंडात टाचणी होती, आणि ती कुणाकडे बघत नव्हती.

ते कापड म्हणजे सहा नंबरची जर्सी. रविवारी ती रिंकच्या छपराला टांगायची होती, कायमची. त्या नंबराची जर्सी पुन्हा कुणी घालायची नाही, असा मान. बचावाला उभा राहून ज्यानं गावाला एकमेव विजेतेपद मिळवून दिलं, त्याचा मान. इलेनिया एवढंच सांगायला आली होती की काका, रविवारी यंत्र जरा लवकर फिरवा. आणि काकांनी त्रेचाळीस वर्षं मिटलेलं तोंड उघडलं.

एर्मेतेला आयुष्यात फारशा गोष्टी हव्या नव्हत्या. ही एक हवी होती. जर्सीवर रुदाट लागलं, तर मरेपर्यंत रोज दोनदा त्या नावाखालून यंत्र न्यायचं आणि मान वर केली की ते नाव बघायचं. रात्रभर त्याला या विचारानं मळमळत होतं.

"काका," इलेनिया समजुतीनं म्हणाली, "कमिटीनं ठरवलंय. तुमच्याकडे साक्षीदार आहे का कुणी?"

"साक्षीदार कुठला? कुणी ओळखलंच नाही ना मला! तीच तर गंमत आहे!"

"मग मी लिहू काय?"

"आधी ऐक. मग लिही."

आणि त्यानं सांगायला घेतलं. दारिओनं ग्लास खाली ठेवला आणि कोपर टेकवून ऐकायला उभा राहिला. सांगणाऱ्यावर विश्वास नसला, तरी गोष्टीवर राग कशाला?

त्या काळी खोऱ्यात नातवांची साथ आली होती. इथल्या कुणाचा तरी आजा खाणीत खपायला कॅनडाला गेलेला. त्याचा नातू तिकडे हॉकी खेळायला शिकायचा, तिकडच्या चांगल्या संघात जागा मिळाली नाही की आज्याचा जन्मदाखला काढून इकडे यायचा आणि इटलीचा होऊन खेळायचा. त्याला मक्याच्या पिठाची पोलेंता दिली की नाक मुरडायचा. चर्चमध्ये टोपी काढायचा नाही. बर्फावर उतरला की मात्र गावातल्या बाया रुमालाआड लाजून हसायच्या.

हे नातू आणायचा अध्यक्ष अत्तिलिओ झास्सो. त्याचा चष्म्याच्या फ्रेमांचा कारखाना होता. अर्ध्या युरोपच्या नाकावर त्याच्या फ्रेमा, पण खुद्द त्याला समोरचा माणूस दिसत नसे. तो म्हणायचा, "बचावाला गावचा पोरगा ठेवला आणि गोल झाला, तर लोक मला शिव्या देतात. कॅनडाचा ठेवला आणि गोल झाला, तर म्हणतात, काय जबरदस्त मारला समोरच्यानं!"

म्हणून गावचा पोरगा एर्मेते तीन हिवाळे बाकावर बसला. बाकाच्या टोकाला, दाराशी. नातू बाहेर आला की दार उघडायचं, दुसरा नातू आत गेला की लावायचं, ही त्याची कारकीर्द. येणारा प्रत्येक जण त्याच्या बुटांवर थुंकून जायचा. मुद्दाम नव्हे, तेवढी दखलसुद्धा नाही. थुंकायला जागा हवी असते, आणि तिथे एर्मेतेचे पाय असायचे. आणि वरून, पायऱ्यांवरून, दारिओ नावाचा एक भोंगा रोज ओरडायचा, "सोप्पेल्सा, दार लाव, वारा येतोय!"

"मी?" दारिओ म्हणाला.

"तू. सोळा वर्षांचा गाढव होतास. आता सहासष्टचा आहेस, एवढाच फरक."

"पुढं सांग," दारिओ म्हणाला आणि त्यानं एर्मेतेच्या ग्लासात आणखी दोन बोटं ओतली.

चौऱ्याहत्तर साली एर्मेते वैतागून जर्मनीत मामाकडे गेला. लार गावात मामाचं आइस्क्रीमचं दुकान होतं. या डोंगरातली निम्मी माणसं जर्मनांना आइस्क्रीम चारूनच जगली आहेत, त्यात काही नवल नाही. नवल पुढं आहे. लारला कॅनडाच्या फौजेची छावणी होती. शिपाई आइस्क्रीम खायला यायचे. हिवाळ्यात दुकान बंद झालं की मामा गावी परतायचा, पण एर्मेते मागे राहायचा आणि त्या शिपायांबरोबर हॉकी खेळायचा. तीन वर्षांत तो तीस इंग्रजी शब्द शिकला. त्यातले सव्वीस चार लोकांत बोलण्यासारखे नव्हते. पुढचे तीन दात एका सार्जंटच्या कोपरानं उपटून काढले, तेही फुकटात. दाढी वाढवली, ती आपोआप तांबडी आली. अंग दुप्पट झालं. मग त्याच सार्जंटनं तीन लिटर पिस्त्याच्या आइस्क्रीमच्या बदल्यात छावणीच्या टंकयंत्रावर एक पत्र ठोकलं: माननीय अध्यक्ष, मी माइक रुदाट, माझा आजा तुमच्या खोऱ्यातला, मला बचावाला खेळायचं आहे.

आठ दिवसांत तार आली. ताबडतोब या.

"आणि कागदपत्रं?" इलेनिया म्हणाली. ती चिटणीस होती, तिला दुसरं सुचणार काय? "महासंघाकडे खेळाडूची नोंद लागते, काका. जन्मदाखला, पासपोर्ट."

"तेव्हा चिटणीस तुल्लिओ होता, देव त्याला जागा देवो. मी म्हणालो, पेपर्स नो. तो म्हणाला, कागदाचं मी बघतो, तू खेळ. पुन्हा कधी विचारलं नाही. बैल होता बिचारा."

जेम्मा खोकली. टाचणी घशात जायची, म्हणून तिनं ती काढून कापडाला टोचली.

बस चौकात थांबली तेव्हा बँड उभा होता. झास्सो पुढं आला. त्याच्या अंगाला अत्तराचा असा भपकारा की डोळ्यांत पाणी यावं. तीन वर्षांत ज्यानं एर्मेतेला एकदा नावानं हाक मारली नव्हती, तो त्याच्या गालांचे मुके घेत होता, ओले मुके, आणि गावाला सांगत होता, "खांदे बघा! असे खांदे आपल्या मातीत उगवतच नाहीत!" एर्मेतेला तिथंच ओकारी येत होती. आपलेच खांदे, त्याच मातीतले, आणि हा माणूस त्यांच्यावर लाळ गाळतोय. त्यानं ती ओकारी गिळली आणि आपल्या तीस शब्दांतला एक शब्द उच्चारला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नातवांना राहायला गावातली घरं वाटून दिलेली असत; जेवणाखाण्याचा खर्च क्लब देई. झास्सोनं यादी काढली आणि म्हणाला, "माइक, तू नोरिना सोप्पेल्साकडे राहा. विधवा आहे. मुलगा जर्मनीत आइस्क्रीम विकतो. खोली रिकामीच आहे."

"थांब," दारिओ म्हणाला. "तुझ्याच आईकडे?"

"माझ्याच आईकडे. माझ्याच खोलीत. माझ्याच पलंगावर, जो आता मला आखूड होत होता."

आईनं दार उघडलं. वरपासून खालपर्यंत बघितलं. आई म्हणाली, "बूट बाहेर काढ," आणि आत निघून गेली. मग तिनं ताटात ससा वाढला, वर वाफाळती पिवळी पोलेंता थापली आणि हाताची घडी घालून समोर बसली. पहिला घास घेताना त्याच्या तोंडावर जर तीन वर्षांची भूक दिसली असती, तर संपलंच होतं सगळं. घाबरून तो ओरडला, "केचप!"

"काय?" आई म्हणाली.

"केचप! कॅनडा! केचप!"

शनिवारी आई बसनं बेल्लुनोला गेली आणि बाटली घेऊन आली. त्या दिवसापासून चार हिवाळे, दुपारी आणि संध्याकाळी, एर्मेतेनं पोलेंतावर केचप ओतून खाल्लं. सशावर केचप. हरणाच्या रश्श्यात केचप. धुरी दिलेल्या चीजवर केचप. ते चीज त्याची आई अशी बनवायची की त्यासाठी माणसानं खून करावा, आणि तो त्यावर ते गोड, चिकट, लाल पू ओतत होता. आई समोर बसून बघायची. बाटली अर्धी झाली की न विचारता पुढं सरकवायची. रात्री तो पांघरुणात तोंड खुपसून स्वतःच्या ढेकराच्या वासानं रडायचा.

"बाकी किळस काय सांगू?" तो म्हणाला. आणि अर्थात सांगितलीच.

त्याच्या जोडीला बचावाला गॅरी म्हणून खराखुरा कॅनडावाला होता. गॅरी तंबाखू चघळायचा आणि कॉफीच्या कपात थुंकायचा. एकदा मध्यंतरात एर्मेतेनं चुकून तो कप उचलून तोंडाला लावला. सगळ्यांचं लक्ष गेलं. खरा कॅनडावाला काय करील, याचा त्यानं क्षणभर विचार केला आणि पिऊन टाकलं. गॅरीनं त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याकडे आदरानं बघितलं. नंतर विचारलं, तू टोरोंटोत कुठल्या रस्त्यावर राहायचास? एर्मेतेनं लारमधल्या आइस्क्रीमच्या दुकानाचा पत्ता सांगितला. गॅरी बराच वेळ हसला. का हसला, हे एर्मेतेला कळलं नाही.

आणि कपडे! त्या संघाचा एक रिवाज होता, अजूनही आहे: जिंकत असताना आतला सदरा धुवायचा नाही. धुतला की नशीब धुतलं. ऐंशी–एक्याऐंशीच्या हिवाळ्यात संघ सलग सात आठवडे जिंकला. सात आठवड्यांत ते सदरे स्वतःच्या पायांवर उभे राहायला लागले. हातमोज्यांना ओल्या पोत्यात मेलेल्या बोकडाचा वास यायचा. खोलीत शिरताना नवा पोरगा असेल तर दारातच गळून पडायचा. ते बावीस सदरे जेम्मा सामना संपला की गोळा करायची, दोरीवर वाळवायची आणि पुढच्या सामन्याला ज्याचा त्याच्या खुंटीला लावायची. आतल्या सदऱ्यांवर नंबर नसतात. सगळे एकसारखे पिवळट. पण कधी एकाचा दुसऱ्याच्या खुंटीला गेला नाही. कसा, हे एर्मेतेनं कधी विचारलं नव्हतं. खेळाडू असल्या गोष्टी विचारत नसतात.

"अंतिम सामन्याचं सांग," दारिओ म्हणाला. डोळे मिचकावत होता तो.

अंतिम सामना इथंच झाला. तेव्हा छप्पर नव्हतं. थंडी एवढी, की पंचांची शिट्टी ओठाला चिकटली आणि तिसऱ्या भागात ते हातवारे करूनच खेळ थांबवत होते. ("बरं," दारिओ म्हणाला.) बरोबरी. शेवटचं मिनिट. गोलकीपर आडवा पडलेला, आणि पलीकडच्या खोऱ्यातल्या धिप्पाड गड्यानं रबरी चकती अशी मारली की ती दिसलीच नाही, नुसता आवाज आला. एर्मेतेची काठी आधीच मोडलेली. त्यानं गोलसमोर झेप घेतली, शिवी द्यायला तोंड उघडलं, आणि चकती तोंडात बसली. जिथं तीन दात नव्हते, त्या खिंडीत. फिट्ट.

"अरे, चकती तळहाताएवढी असते!" दारिओ ओरडला.

"मग माझं तोंड केवढं होतं, ते तुला आयुष्यभर माहीत आहे."

तोंडात चकती धरून तो समोरच्या टोकापर्यंत गेला, कारण तोंडात धरून पळायचं नाही असं नियमात कुठं लिहिलेलं नव्हतं. तिथं चकती थुंकली, आणि गॅरीनं ती आत ढकलली. ("बरं बरं," दारिओ म्हणाला.) लोकांनी रिंकभोवतीच्या फळ्या ओलांडल्या. त्याला खांद्यावर घेतलं. आणि दारिओ नावाचा तो भोंगा त्याच्या स्केटच्या पात्याचे मुके घेत होता. रडत होता. म्हणत होता, "माइक! माइक! तुझ्यासारखा आमच्यात जन्मलाच नाही!"

एर्मेते थांबला. इथवर त्यानं गोष्ट हसत हसत आणली होती. आता त्याचं तोंड कडू झालं.

"खांद्यावरून मी बघत होतो," तो म्हणाला. "सगळे ओळखीचे. मला दार लाव म्हणणारे. आणि मला एवढी शिसारी आली, इलेनिया, एवढी शिसारी आली! तोच मी. तेच पाय. फक्त नाव कॅनडाचं. वाटलं, त्यांच्या डोक्यांवरच ओकावं."

वसंतात माइक रुदाट कॅनडाला निघून गेला. पंधरा दिवसांनी जर्मनीहून एर्मेते सोप्पेल्सा परतला, दाढी काढलेला, तीन नवे दात बसवलेला. चौकात उतरला तेव्हा बँड नव्हता. पहिला माणूस भेटला तो म्हणाला, "अरेरे एर्मेते, चुकवलंस तू! आपल्याकडे एक माइक होता…" आणि तेव्हापासून त्रेचाळीस वर्षं. न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर, प्रत्येक लग्नात, प्रत्येक अंत्ययात्रेत कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवणारच: "एर्मेते, तू खेळला असतास रे, पण माइकची गोष्ट वेगळी." तोंडावर हसू आणायचं, आत मळमळ. झास्सो जिवंत होता तोवर बोलायची सोय नव्हती; त्यानं फसवणुकीचा खटला भरला असता आणि गावाचं विजेतेपद गेलं असतं. गेल्या उन्हाळ्यात झास्सो गेला. त्याच्या अंत्ययात्रेतही पाद्र्यानं माइकचं नाव घेतलं.

"आता बोला," एर्मेते म्हणाला. "रविवारी त्या कापडावर कुणाचं नाव असायला हवं?"

इलेनियानं पेन खाली ठेवलं. तिला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "काका, गोष्ट झकास आहे. पण मी कमिटीला काय सांगू? चकती तोंडात धरली, हे? कुणीतरी एक जण हवा, जो म्हणेल, हो, मी ओळखलं होतं. एक तरी. नाहीतर मला रुदाटच लिहावं लागेल."

इथं एर्मेतेला शहाणपणा सुचायला हवा होता. पण गोष्ट सांगणाऱ्याला गोष्टीचा सर्वांत गोड तुकडा सोडवत नाही. त्यानं छाती पुढं काढली.

"कुणीही नाही!" तो म्हणाला. "चार वर्षं! सबंध खोरं माझ्या तोंडाकडे बघत होतं आणि एकानं ओळखलं नाही! अरे, ज्या आईनं मला जन्म दिला, ती समोर बसून मला जेवताना बघायची, तिनंसुद्धा नाही! शपथेवर सांगतो!"

"खोटं," शेगडीजवळून आवाज आला.

जेम्मा. तिनं दातानं दोरा तोडला.

एर्मेतेनं ग्लास दूर सरकवला. इलेनियानं मान खाली घातली. संपलं, साठ वर्षं क्लबमध्ये काढलेल्या बाईनं सांगितलं, खोटं. आता आयुष्यभर त्या नावाखालून यंत्र.

"जेम्मा," तो कसाबसा म्हणाला, "तोंडातल्या चकतीचं म्हणत असशील, तर…"

"चकती खड्ड्यात घाल. कुणी ओळखलं नाही, हे खोटं." तिनं चष्मा कपाळावर सरकवला. "पहिल्या रविवारी मी तुझा सदरा दोरीवर टाकला आणि तिथंच खाली बसले. मेल्या, बावीस सदरे मी कशानं ओळखत होते असं तुला वाटतं? नाकानं! गॅरीच्या घामाला गोमांसाचा वास यायचा. तुझ्या घामाला सोळाव्या वर्षापासून धुराच्या चीजचा आणि गोठ्याचा वास. कॅनडात कुठला रे गोठा? मी तशीच धावत तुल्लिओकडे गेले. तो म्हणाला, गप्प बस जेम्मा, मी महासंघाकडे त्याचेच खरे कागद धाडलेत, एर्मेते सोप्पेल्सा म्हणून. दुसऱ्या कुणाचे धाडणार होता तो? तू म्हणतोस तसा बैल नव्हता. आणि संध्याकाळपर्यंत गावाला माहीत झालं."

"गावाला?" एर्मेते म्हणाला.

"झास्सो सोडून. त्याला सांगितलं असतं, तर तू पुन्हा दाराशी. मग आम्ही बघायचं काय?"

एर्मेतेनं दारिओकडे बघितलं. दारिओ पुन्हा ग्लास पुसायला लागला होता. कोरडाच ग्लास.

"तू पण?"

"स्केटचा मुका कुणी परक्याचा घेतं का रे?" दारिओ ग्लासातच पुटपुटला.

"आणि ही त्रेचाळीस वर्षं? माइकची गोष्ट वेगळी, माइकसारखा कोणी नाही…"

"तू तोंड कसं करायचास, ते बघायला मजा यायची," दारिओ म्हणाला.

इलेनिया भराभर लिहीत होती. जेम्मानं मांडीवरचं कापड उलटं केलं. सहाच्या वर सोप्पेल्सा नावाची आठ इटालियन अक्षरं केव्हाच शिवून झाली होती, शेवटच्या अक्षराचा दोरा तेवढा लोंबत होता. एर्मेतेनं ती वाचली, पुन्हा वाचली. हवं होतं ते मिळालं होतं. पण त्याच्या पोटातून काहीतरी वर येत होतं, जुनं, गोड, चिकट.

"जेम्मा," तो म्हणाला, "आई… आईला नव्हतं ना माहीत? ती तर बाटली स्वतः पुढं सरकवायची."

"तिनं तर तू दारात उभा होतास तेव्हाच ओळखलं," जेम्मा म्हणाली. "दर शनिवारी बेल्लुनोहून दोन बाटल्या आणायची. बसमध्ये माझ्या शेजारीच बसायची. म्हणायची, बघू या मेला आणखी किती दिवस गिळतो ते."